छोटी जोडी आणि फ्लॉप: सेट लागला तर काय, नाही लागला तर काय

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं येतात; त्यांत दुर्रीपासून छक्कीपर्यंतची जोडी आली तर तिला छोटी जोडी म्हणतात. पानं हातात पडतात तेव्हा ती बरी दिसते. फ्लॉपची, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पहिली तीन पानं उघडली की तिची किंमत एकदम बदलते, आणि बहुतेक वेळा खालीच जाते. पंजीची जोडी घ्या. फ्लॉपवर पंजीहून मोठं निदान एक पान येण्याची शक्यता ९८ टक्के आहे. म्हणजे फ्लॉपनंतरही आपली पंजीची जोडीच सगळ्यांत वरची राहील ही आशा पन्नासांत एकदा खरी ठरते. तिसरी पंजी लागून सेट (तीन सारखी पानं) किंवा त्याहून मोठं काही होण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे ढोबळमानाने साडेआठ फ्लॉपांत एक.

तेव्हा फ्लॉपनंतर या जोडीचे दोन अगदी वेगळे हात होतात. सेट लागला तर पॉट (मधे जमलेल्या चिप) वाढवायची घाई करायची, नाही लागला तर चिप वाचवायची. टेबलावर बहुतेकांचं नेमकं उलटं चालतं. सेट लागला की मंडळी दबा धरून बसतात, आणि नाही लागला की ‘जोडी तर आहे ना’ म्हणत तीन-तीन बेट कॉल करत (समोरच्याएवढ्याच चिप घालून खेळात राहत) सुटतात.

खालची उदाहरणं ब्लाइंड (पानं पाहण्याआधी दोघांनी घालायच्या सक्तीच्या चिप) ५०-१०० आणि प्रत्येकासमोर १०,००० चिप, म्हणजे १०० बिग ब्लाइंड, असं धरून दिली आहेत.

फ्लॉपच्या आधी एक हिशेब

समोरच्याने २५० ला रेझ केलं (बेट वाढवली), तुम्ही बटणावरून, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलायच्या जागेवरून, पंजीच्या जोडीने कॉल केलं, दोन्ही ब्लाइंड फोल्ड झाले (पानं टाकली). पॉट ६५०, दोघांकडे प्रत्येकी ९,७५० शिल्लक.

सेट लागला नाही की सोडून दिलं असं धरा. साडेसात वेळा २५० गेले, म्हणजे १,८७५. सेट लागेल त्या एका वेळी सरासरी तेवढ्या चिप मिळाल्या तरच बरोबरी होते. त्यांतल्या ४०० पॉटमध्ये आहेतच, उरलेल्या सुमारे १,५०० फ्लॉपनंतर समोरच्याकडून काढायच्या. पण सेट लागला त्याच वेळी त्याच्याकडे पैसे द्यायला काही असेलच असं नाही, आणि कधीकधी सेट लागूनही आपण हरतो. म्हणून जाणते खेळाडू कॉलच्या १५ ते २० पट चिप मागे आहेत का ते पाहतात. त्याही दोघांपैकी ज्याच्याकडे कमी आहेत त्याच्या मोजायच्या. तुमच्यासमोर चिपांचा डोंगर असेल आणि त्याच्यासमोर २,०००, तर हिशेब २,००० चाच. २५० च्या कॉलला निदान ३,७५० हवेत, ते इथे नाहीत.

तुम्ही २५० ला उघडलं आणि त्याने ९०० ला रीरेझ केलं, तर कॉल ६५० चा. त्याचे १५ पट ९,७५०, आणि मागे उरतात ९,१००. म्हणजे १०० ब्लाइंड असूनही गणित जेमतेमसुद्धा बसत नाही. त्यात तुम्हाला त्याच्या आधी बोलावं लागणार असेल तर पानं टाकून द्या. टूर्नामेंटमध्ये २०-२५ ब्लाइंड उरल्यावर सेटच्या आशेने कॉल करणं हा प्रकारच संपतो. तिथे छोटी जोडी घेऊन एकतर ऑल-इन जायचं किंवा सोडायचं. फ्लॉपनंतरचा खेळ उरतच नाही.

सेट लागला

फ्लॉप राजा-अठ्ठी-पंजी, तीन वेगळ्या रंगांचा, हातात पंजीची जोडी. पॉट ६५०, मागे ९,७५०. आता तीन बेटांत (फ्लॉप, मग चौथं पान म्हणजे टर्न आणि पाचवं म्हणजे रिव्हर) त्यातलं किती आत जातं ते पाहा. प्रत्येक वेळी पॉटच्या एक-तृतीयांश बेट लावली आणि त्याने तिन्ही कॉल केल्या, तर त्याच्याकडून जेमतेम १,१८० निघतात. दोन-तृतीयांश लावली तर ३,८००. पूर्ण पॉटएवढी लावली तर ८,४५०. पॉट व्याजावर व्याज चढावं तसा फुगतो, आणि फ्लॉपवर दाखवलेला कंजूषपणा रिव्हरला भरून काढता येत नाही.

दबा धरून बसण्याची किंमत आणखी एका आकड्यातून कळते. याच फ्लॉपवर समोरच्याने २२० ची बेट लावली आणि तुम्ही नुसतं कॉल केलं. पॉट १,०९०, मागे ९,५३०. आता पुढच्या दोन बेटांत सगळ्या चिप आत घालायच्या तर प्रत्येक बेट पॉटच्या १.६५ पट हवी. एवढ्या मोठ्या बेटा साधा माणूस राजाच्या एका जोडीवर कॉल करत नाही. त्याऐवजी फ्लॉपवरच ८०० ला रेझ केलंत आणि त्याने कॉल केलं, तर पॉट २,२५० होतो, मागे ८,९५० उरतात, आणि पॉटएवढ्या दोन बेटांत सगळं बरोबर आत जातं. एका रेझने एवढा फरक पडतो.

‘रेझ केलं तर पळून जाईल ना’ ही भीती नेहमीची. ज्याच्याकडे काहीच नाही तो पळेल, आणि त्याच्याकडून फार काही मिळणारही नव्हतं. ज्याच्याकडे एक्का-राजा किंवा राजा-राणी आहे तो फ्लॉपवर एका रेझला सहसा सोडत नाही. सेटची खरी ताकद त्याच्या लपण्यात आहे: दोन पानं हातात, एक बोर्डावर, आणि ते एकही असं की त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. राजा-अठ्ठी-पंजी बोर्डावर पंजीला कोण घाबरतो?

दबा धरायची वेळ कधीच येत नाही असं नाही. तुम्ही स्वतः रेझ केलेलं असेल, बोर्ड राजा-राजा-चव्वीसारखा असेल आणि तुमच्याकडे चव्वीची जोडी असेल, म्हणजे फ्लॉपलाच फुल हाउस (तीन सारखी आणि वर एक जोडी), तर समोरच्याकडे काही असण्याची शक्यता कमी आणि पुढच्या पानांची भीतीही कमी. तिथे एकदा चेक करून (बेट न लावता) त्याला काहीतरी लागू द्यायला हरकत नाही. तोही एकदाच.

फ्लॉपही सारखे नसतात. एक्का किंवा राजा असलेला फ्लॉप सेटला सर्वांत जास्त देतो, कारण रेझ करणाऱ्याच्या हातात हीच पानं जास्त असतात. अठ्ठी-पंजी-तिर्रीवर पैसे मिळतात ते दश्शी, गुलाम, राणी अशा मोठ्या जोड्यांकडून. एक्का-राजावाला तिथे पहिल्या धक्क्यात निघून जातो. चार जणांनी १००-१०० घालून पाहिलेल्या फ्लॉपवर ‘कुणीतरी बेट लावेल, मग रेझ करू’ म्हणून चेक करू नका. सगळे चेक करतात आणि टर्नचं पान फुकट निघतं. पॉट ४०० असेल तर स्वतःच ३०० लावून सुरुवात करा.

सेट अडचणीत येतो तेव्हा

तीन पत्तीतून पोकरकडे आलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. तीन पत्तीत ट्रेल म्हणजे सर्वांत वरचा हात. पोकरमध्ये तीच तीन सारखी पानं स्ट्रेटखाली (ओळीने पाच पानं), फ्लशखाली (एकाच रंगाची पाच) आणि फुल हाउसखाली येतात. दिवाळीच्या रात्री तिर्रीच्या ट्रेलवर घर लावणारा माणूस होल्डेमच्या टेबलावर चार बदाम उघडे दिसत असतानाही तसाच खेळतो, हे अनेकदा दिसतं.

फ्लॉप इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी, बदामाची पंजी असा असेल तर दोन-तृतीयांश पॉटपेक्षा लहान बेट लावू नका. फ्लश ड्रॉवाल्याला, म्हणजे ज्याला फ्लशसाठी एकच पान हवंय त्याला, नऊ पानं उपयोगी आहेत, टर्नला त्यातलं एक येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. एक-तृतीयांश बेट लावली तर त्याला कॉलसाठी २० टक्के शक्यता पुरते, म्हणजे तुम्ही त्याला जवळपास योग्य भावात पान विकलं. दोन-तृतीयांश लावली तर त्याला साडेअठ्ठावीस टक्क्यांचा भाव पडतो आणि प्रत्येक कॉल चुकीचा ठरतो. तो कॉल करेलच, करू द्या. चारांतले तीन पॉट तुमचे.

टर्नला तिसरं इस्पिक आलंच तर लगेच पानं टाकू नका. सेटला सुधारायला फ्लॉपवरून टर्नला सात पानं असतात (तुमचं चौथं पान एक, बोर्डावरच्या दुसऱ्या दोन पानांच्या जोड्या सहा), आणि टर्नवरून रिव्हरला दहा. फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत फुल हाउस किंवा चार सारखी होण्याची शक्यता ३३ टक्के. टर्नला फ्लश दिसत असताना रिव्हरला बोर्डाची जोडी लागण्याची शक्यता दहा भागिले शेहेचाळीस, जवळपास २२ टक्के. त्याने एक-तृतीयांश पॉट लावला तर कॉलला २० टक्के लागतात. डोळे झाकून कॉल. अर्धा पॉट लावला तर २५ टक्के लागतात. फुल हाउस लागल्यावर तो रिव्हरला आणखी देणारच, म्हणून तोही कॉल. पूर्ण पॉट लावला तर ३३ टक्के, आणि इथे माणूस पाहावा लागतो. इस्पिकच्या एक्क्यासोबत नुसती जोडी घेऊन ओरडणारा असेल तर कॉल. सकाळपासून एकदाही ब्लफ न केलेला असेल तर फोल्ड.

फुल हाउस लागल्यावर उलटा गोंधळ होतो, लोक घाबरून लहान बेट लावतात. राजा-नव्वी-चव्वी फ्लॉप, हातात चव्व्या, टर्नला दुसरा राजा. तुम्हाला हरवतात फक्त राजा-नव्वी, राजा-चव्वी, नव्वीची जोडी आणि राजाची जोडी. एक्का-राजा, राजा-राणी, राजा-गुलाम हे सगळे आता तीन राजे घेऊन तुमच्यामागे येणार. इथे मोठी बेट लावा.

आणि सेटवर सेट? दोघांकडेही जोडी असली तरी दोघांनाही एकाच फ्लॉपवर सेट लागण्याची शक्यता सुमारे एक टक्का. १०० ब्लाइंडपर्यंत त्या भीतीने खालचा सेट टाकून देणं म्हणजे पाऊस पडेल म्हणून पेरणीच न करणं. दोघांसमोर ३०० ब्लाइंड असतील आणि कोरड्या बोर्डावर (जिथे स्ट्रेट-फ्लशची फारशी शक्यता नाही) शांत माणूस तिसऱ्यांदा रेझ करत असेल, तेव्हा दुर्रीच्या सेटने जरा थांबावं.

सेट नाही लागला, आणि रेझ तुमचं होतं

हे साडेआठांतल्या साडेसात वेळा घडतं, त्यामुळे वर्षभराचा नफातोटा इथेच ठरतो.

चव्वीच्या जोडीने तुम्ही २५० ला उघडलं, बिग ब्लाइंडने कॉल केलं, पॉट ५५०. फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री, तीन रंग. १८० लावा. ही बेट चारांत एकदा समोरच्याने सोडली तरी बरोबरी होते, आणि अशा कोरड्या फ्लॉपवर तो त्याहून बराच जास्त वेळा सोडतो. राणी-दश्शीवाला सोडतो तेव्हा तुम्ही पुढेच होतात, मग फायदा कसला, असं वाटेल. फायदा असा की त्याच्याकडे सहा पानं होती आणि दोन्ही पानं फुकट पाहायला मिळाली असती तर चारांत एकदा त्याने तुम्हाला मागे टाकलं असतं. तो चौथा हिस्सा तुम्ही १८० चिपांत विकत घेतला. शिवाय कधीकधी पंजी-छक्कीची जोडीही घाबरून निघते.

त्याने कॉल केलं की मात्र हात आखडा. टर्नला चव्वी येण्याची शक्यता ४.३ टक्के, तेवीसांत एक. दुसरी बेट लावायची तर ती ब्लफ ठरते, आणि ब्लफसाठी छोटी जोडी हा सर्वांत वाईट हात आहे. फ्लश ड्रॉने ब्लफ केला आणि कॉल झाला तर नऊ पानं मदतीला असतात, तुमच्याकडे दोन. उलट चेक केलंत तर ही जोडी बऱ्याचदा शेवटी दाखवूनच जिंकते. टर्न-रिव्हरला दोघांनीही चेक केलं, किंवा रिव्हरला त्याने लहानशी बेट लावली आणि फ्लॉपवरचे ड्रॉ फसलेले दिसले, तर जोडी दाखवायला जागा आहे.

ज्या फ्लॉपवर पहिली बेटही लावू नये असे फ्लॉप ओळखायला सोपे: नव्वी-अठ्ठी-सत्ती, गुलाम-दश्शी-अठ्ठी, त्यात एकाच रंगाची दोन पानं. असली मधली जोडलेली पानं कॉल करणाऱ्याकडेच जास्त असतात. त्याच्याकडे जोडीसोबत ड्रॉ असतो, तो सोडत नाही, कधी उलट रेझ करतो. चेक करा आणि बेट आली की निघा. दोघांहून जास्त जण कॉल करून आले असतील तर कोरड्या फ्लॉपवरही चेकच बरा.

छक्कीची जोडी आणि फ्लॉप पंजी-तिर्री-दुर्री, म्हणजे चक्क वरची जोडी, हा प्रसंग दुर्मीळ. पण आलाच तर बेट मोठी लावा, दोन-तृतीयांश तरी. टर्नला सत्तीपासून एक्क्यापर्यंत काहीही येण्याची शक्यता ६८ टक्के आहे, आणि त्यातल्या प्रत्येक पानाने तुमची जोडी एक पायरी खाली येते. पैसे आत्ता घ्यायचे. मात्र एवढ्यावरून १०,००० चिप आत घालू नका; मोठ्या रेझला सेट, स्ट्रेट किंवा मोठी जोडी निघते.

सेट नाही लागला, आणि बेट समोरून आली

एकच माणूस, कोरडा फ्लॉप, लहान बेट: या तिन्ही गोष्टी जमल्या तर एकदा कॉल. राजा-सत्ती-दुर्रीवर ६५० च्या पॉटमध्ये त्याने २२० लावले. कॉलला २० टक्के लागतात, आणि असल्या फ्लॉपवर एक-तृतीयांशची बेट लोक सर्रास कशावरही लावतात. कॉल करा. टर्नला त्याने १,०९० च्या पॉटमध्ये ७०० लावले तर २८ टक्के लागतात, आणि दोनदा बेट लावणाऱ्याकडे राजा असण्याची शक्यता आता बरीच वाढलेली असते. सोडा. ‘एवढं घातलंय तर बघूया’ हा विचार पॉटमधल्या चिप अजून आपल्याच आहेत असं समजण्यातून येतो.

तिन्हींपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर पहिल्याच बेटला फोल्ड. एक्का-राणी-दश्शी, राणी-गुलाम-नव्वी अशा फ्लॉपवर भाव कितीही चांगला असो, कॉल करून उपयोग नाही. तुम्ही पुढे असलात तरी पुढची निम्मी पानं तुम्हाला घाबरवणारी, आणि त्याची पुढची बेट तुम्हाला झेपणारी नाही. भाव २० टक्क्यांचा आणि शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता त्याहून कमी, असा हा प्रकार.

तिघे-चौघे असतील तर हिशेब आणखी वाईट. दोन माणसांकडे मिळून चार वेगवेगळी मोठी पानं आहेत आणि कुणालाच काही लागलेलं नाही, हे तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं चित्र धरलं, तरी बारा पानं तुमच्याविरुद्ध आहेत. रिव्हरपर्यंत त्यातलं एक तरी येण्याची शक्यता जवळपास अर्धी. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो-जहाजांवर असो की घरच्या टेबलावर, जिथे स्वस्तात फ्लॉप पाहायला पाच जण येतात तिथे छोट्या जोडीचा नियम फार सोपा होतो: सेट असेल तर मोठी बेट, नसेल तर पानं टाका. प्रत्येक पॉटमधून टेबल आपला रेक (कमिशन) कापतं, तेव्हा लहान पॉटसाठी झुंजण्यात मजाही नाही.

एक अपवाद. छक्कीची जोडी, फ्लॉप सत्ती-पंजी-चव्वी. आठ पानांनी स्ट्रेट, दोन पानांनी सेट, एकूण दहा. रिव्हरपर्यंत ३८ टक्के, शिवाय जोडी आत्ताच पुढे असू शकते. इथे रेझही करता येतं. पण तीच छक्कीची जोडी नव्वी-अठ्ठी-सत्तीवर असेल तर स्ट्रेटचं खालचं टोक तुमच्याकडे आहे. दश्शी आली की कुठलाही गुलाम तुमच्या वर जातो. ही दोन चित्रं एकसारखी समजून बरेच जण मोठा पॉट हरतात.

बोर्डावर जोडी पडली की

छोटी जोडी कधीकधी एकही पान न बदलता नाहीशी होते. हातात तिर्र्या, फ्लॉप नव्वी-नव्वी-पंजी. आत्ता तुमच्या दोन जोड्या: नव्व्या आणि तिर्र्या. टर्नला पंजी आली तर बोर्डावरच नव्व्या-पंज्या या दोन जोड्या झाल्या, तुमच्या तिर्र्या हिशेबातून गेल्या. आता पाचवं पान मोजायचं, आणि एक्का-राणीवाला एक्क्यावर जिंकतो. त्याच्याकडे फक्त सहा पानं आहेत असं तुम्ही धरून चालला होतात, प्रत्यक्षात तीन पंज्याही त्याच्याच होत्या. रिव्हरला टर्नचीच जोडी लागली तरी तोच निकाल. म्हणून अशा फ्लॉपवर जोडी जितकी छोटी, तितकं पहिल्या बेटेतच पॉट घेऊन टाकायला पाहा. दोन पानं फुकट दाखवू नका.

घरी करायचा सराव

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. सरावाला मात्र पत्त्यांचा एक जोड पुरतो. दोन पंज्या बाजूला काढा, उरलेली ५० पानं नीट पिसा, तीन उघडा. सेट लागला तर वहीत रेघ. नाही लागला तर मनात एक आसन आणि माणसं धरा (तुम्ही रेझ केलंय की कॉल, समोर एक की तिघे) आणि पाच सेकंदांत तीनपैकी एक शब्द लिहा: बेट, एक कॉल, फोल्ड. पानं परत मिसळा, पुन्हा पिसा. ५० फ्लॉपांत सरासरी सहा रेघा व्हाव्यात. दोन झाल्या किंवा दहा झाल्या तरी पत्ते खोटे समजू नका; लागोपाठ २० फ्लॉप सेटविना जाणं बारांत एकदा होतंच. नंतर लिहिलेले शब्द मोजा. समोर तिघे धरलेल्या फ्लॉपांपुढे ‘एक कॉल’ पाचाहून जास्त वेळा लिहिला गेला असेल, तर तेच फ्लॉप पुन्हा मांडून प्रत्येकावर कोणकोणती पानं तुमच्याविरुद्ध आहेत ती बोटांवर मोजून पाहा.